‘हॅम्बर्गहून आले’ एवढंच माहीत असेल, तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे यजमान विस्कॉन्सिनमधल्या जर्मन घराण्यातले. त्यांचे खापरपणजोबा १८८०च्या दशकात बायको-मुलांना घेऊन बोटीनं अमेरिकेत आले. घरात सगळे सांगतात, ‘आपण हॅम्बर्गचे’. अमेरिकेच्या जनगणनेच्या कागदावर मात्र ‘प्रशिया’ लिहिलंय. सहा महिने एका वेबसाइटची वर्गणी भरून त्याच नावाची पन्नास माणसं सापडली, आपली कोणती ते कळेना. सासरे आता नाहीत, सासूबाई थकल्या आहेत, आणि आत्तेसासूबाई ८८ वर्षांच्या, वृद्धाश्रमात. तुमच्या मुलीला सगळं जाणून घ्यायचंय. आता दुसरी साइट घ्यावी, डीएनए चाचणी करावी, की सरळ जर्मनीला पत्र लिहावं, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच आज करू नका. आधी आत्तेसासूबाईंना भेटा. का ते सांगते.

मी गेली बावीस वर्षं इथे अमेरिकेत आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात दर शनिवारी वंशावळीच्या टेबलापाशी मदतीला बसते. माझा नवराही जर्मन घरातला, त्यामुळे पहिला अभ्यास घरातच झाला. टेबलाशी येणारे दहातले आठ जण ‘कोणती साइट चांगली?’ असंच विचारतात. त्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो, पण तो त्यांना अजून पडलेला नसतो. तो म्हणजे, ‘गाव कोणतं?’

लहानपणी मी बाबांबरोबर नाशिकला गेले होते. रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांनी पहिल्यांदा मूळ गाव विचारलं, आडनाव नंतर. गाव सांगितल्यावर त्यांनी लाल कापडात गुंडाळलेली वही सोडली आणि पाच मिनिटांत माझ्या पणजोबांची मोडीतली सही दाखवली. गाव सांगता आलं नसतं तर आम्ही हात हलवत परत आलो असतो. जर्मनीत अगदी हेच आहे. तिथे जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी शेकडो वर्षं त्या-त्या चर्चच्या वहीत झाल्या. जर्मनी नावाचं एकसंध राज्यच १८७१ साली झालं. त्याआधी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, हानोव्हर, मेक्लेनबुर्ग अशी कितीतरी राज्यं होती. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या साम्राज्यात जानेवारी १८७६ पासून सुरू झाली, तीही गावोगावच्या नोंदणी कार्यालयात. सगळ्या देशाची एकच वही कधीच नव्हती. म्हणून गाव कळेपर्यंत जर्मनीला लिहिलेलं पत्र वाया जातं, आणि गाव कळलं की निम्मं काम झालं.

आता तुमच्या हातातले दोन शब्द पाहू. हॅम्बर्ग हे बहुधा बंदर आहे, गाव नव्हे. मुंबईहून विमानात बसून आलेल्या प्रत्येकाला इथे मुंबईकर म्हणावं, तसं ते झालंय. आठवणीत प्रवासातलं शेवटचं मोठं नाव उरतं, लहान गाव दोन पिढ्यांत पुसलं जातं. पण ते खरोखर हॅम्बर्गहून निघाले असतील तर तुमचं नशीब चांगलं आहे. हॅम्बर्गच्या १८५० ते १९३४ या काळातल्या प्रवासी याद्या बऱ्याच अंशी शिल्लक आहेत आणि त्यांत प्रवाशाचं शेवटचं राहतं गाव लिहिलेलं असतं. दुसरं मोठं बंदर ब्रेमेनचं. तिथल्या याद्या जागा नाही म्हणून त्या काळीच ठरावीक वर्षांनी नष्ट करत होते आणि उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. विसाव्या शतकातल्या काही तेवढ्या वाचल्या. तेव्हा हॅम्बर्गच्या यादीत नाव नसेल तर निराश होऊ नका, ती माणसं ब्रेमेनहून आली असतील.

‘प्रशिया’ म्हणजे तर आजच्या बेल्जियमच्या सीमेपासून आजच्या रशियातल्या कालिनिनग्रादपर्यंत पसरलेलं राज्य. त्या शब्दावरून काहीच ठरत नाही. पण १९२०ची जनगणना नीट बघा. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या होत्या, म्हणून त्या वर्षी जर्मनीत जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहर लिहून घ्यायच्या सूचना होत्या. सगळ्या प्रगणकांनी त्या पाळल्या नाहीत, तरी तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये ‘पोमर्न’ किंवा ‘मेक्लेनबुर्ग’ असं लिहिलेलं मला कितीदा सापडलंय. खापरपणजोबा तोवर वारले असतील तर त्यांची जर्मनीत जन्मलेली मुलं बघा. १९०० सालच्या जनगणनेत जन्माचा महिना आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष मिळतं. १८९०ची शोधत बसू नका, १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधीच सांगते. घराणं कॅथलिक की लूथरन (म्हणजे प्रोटेस्टंट), उत्तरेचं की दक्षिणेचं, यावर पुढची सगळी वाट ठरते. आणि काही ‘जर्मन’ घराणी जर्मनीतून आलेलीच नसतात. रशियाच्या राणी कॅथरीननं १७६३ साली बोलावलं म्हणून व्होल्गाकाठी जाऊन राहिलेल्या जर्मनांचे वंशज १८७०च्या दशकापासून कॅन्सस, नेब्रास्का आणि आसपास येऊन वसले. त्यांच्या नोंदीत जन्मस्थान रशिया असतं. तुमच्या कागदात प्रशिया स्पष्ट असेल तर हा फाटा तुमचा नाही, पण एका अक्षरानं गोंधळ झालेले कागद मी पाहिलेत. मूळ पानाचं छायाचित्र उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आता आत्तेसासूबाई. त्यांचं वय धरलं तर खापरपणजोबा हे त्यांचे पणजोबा. म्हणजे त्यांचे आजोबा कदाचित त्याच बोटीतून लहानपणी आले असतील, आणि त्या आजोबांच्या मांडीवर त्या बसल्या असतील. एवढा जवळचा धागा दुसऱ्या कोणत्याही साइटवर मिळणार नाही. तुम्ही लिहिलंय की एकदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘आम्ही अमेरिकन आहोत’, आणि गप्प झाल्या. राग मानू नका. १९१७-१८ साली इथे जर्मन बोलणं धोक्याचं झालं होतं. आयोवाच्या गव्हर्नरनं मे १९१८ मध्ये शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, फोनवर, इतकंच काय चर्चमध्येसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. गावोगावी लोकांनी पाट्या उतरवल्या, नावं बदलली, मुलांशी जर्मन बोलणं सोडलं. तुमच्या आत्तेसासूबाईंचे आईवडील त्या भीतीत वाढले, आणि दुसऱ्या महायुद्धानं ती पुन्हा जागी केली. ‘विचारू नये’ हे त्यांना कोणी शिकवलं नाही, ते घरातच होतं.

म्हणून ‘आपले लोक कुठून आले?’ असं समोरासमोर विचारू नका. उत्तर ‘हॅम्बर्ग’ येईल किंवा काहीच येणार नाही. वस्तूंबद्दल आणि सवयींबद्दल विचारा. आजी प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची? नाताळला काय रांधायची? आजोबा चिडले की काय म्हणायचे? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. एका आजोबांनी आठवून ‘वात इस दात?’ (‘हे काय?’) म्हणून दाखवलं, आणि मला कळलं की घर उत्तरेकडचं आहे. दक्षिणेकडचा माणूस ‘वास इस देस?’ असं काहीसं म्हणाला असता. कुठल्या चर्चला जात होता, तिथे जर्मन उपासना कधी थांबली, दफनाला कोण कोण दुरून येत होतं, हेही विचारा.

आणि एक प्रश्न अजिबात विसरू नका, ‘युद्ध संपल्यावर तुमच्या घरून जर्मनीला पार्सलं जायची का?’ १९४६ पासून अमेरिकेतल्या लाखो घरांनी उपाशी युरोपला अन्नाची पार्सलं पाठवली, जर्मनीलाही. आत्तेसासूबाई तेव्हा शाळकरी असणार. कॉफी, साखर, चरबीचे डबे बांधताना मुलांनी पाहिलेलं असतं, आणि तिकडून आलेली आभाराची पत्रं कुठल्यातरी खोक्यात असतात. पत्र आलं म्हणजे पत्ता आला.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. सासूबाईंकडच्या जुन्या फोटोंचे मोठे प्रिंट काढून न्या. आधी सासूबाईंना विचारून, त्यांना बरोबर घेऊनच गेलात तर उत्तम. दोन म्हाताऱ्या एकमेकींचं खोडून काढायला लागल्या की खरी माहिती बाहेर येते. फोटो टेबलावर पसरा आणि फोनचं रेकॉर्डिंग त्यांची परवानगी घेऊन सुरू करा. पाऊण तासाच्या वर बसू नका. त्या थकतात, आणि मग ‘असेल बाई तसंच’ म्हणून तुमच्या मनातलं उत्तर तुम्हालाच परत देतात. फोटोची मागची बाजू पाहायला विसरू नका. तिथे स्टुडिओचं नाव आणि शहर छापलेलं असतं. निघण्याआधी जर्मनीत काढलेला एखादा फोटो असेल तर तो बहुधा गावापासून पायी किंवा घोडागाडीनं जाता येईल एवढ्याच अंतरावरच्या शहरात काढलेला असतो.

टिपणं काढताना आपली भाषा किती कामाला येते ते सांगते. इथे सगळे ‘कझिन’. आत्तेसासूबाई ‘कझिन हेन्री’ म्हणाल्या तर तो कोणाचा कोण हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नसतं. मी लगेच विचारते, वडिलांच्या भावाचा, बहिणीचा, की आईकडचा? आणि वहीत चुलत, आते, मामे, मावस असं मराठीत लिहिते. एका शब्दात काम होतं आणि चूक राहत नाही. जुन्या जर्मनमध्येही हे वेगळेपण होतं. फेटर म्हणजे काका, बाझे म्हणजे आत्या, ओहाइम म्हणजे मामा, मूमे म्हणजे मावशी. पुढे अर्थ सरकले आणि फेटर म्हणजे कोणताही चुलत-मावस भाऊ झाला. त्यामुळे कागदात हे शब्द आले तर आधी कागदाचं साल बघा.

यापुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि मला तो कळायला चार वर्षं लागली. गावाचं नाव बहुतेक वेळा आपल्या सरळ ओळीत सापडत नाही. ते बाजूच्या फांदीवर असतं. माझ्या नवऱ्याचे पणजोबा पाच भावंडांतले. आमच्या शाखेनं शेत विकलं, तीनदा घर बदललं, कागद गेले. मी त्याच शाखेला चार वर्षं खणत बसले होते. मग एका दफनाच्या वेळी नवऱ्याची एक लांबची आत्या भेटली, पणजोबांच्या धाकट्या बहिणीची नात. लग्न होऊन नेब्रास्कात गेलेली ती बहीण, आडनाव बदललेलं, म्हणून माझ्या कुठल्याच शोधात ती येत नव्हती. ही आत्या म्हणाली, ‘आमच्याकडे भिंतीवर काहीतरी आहे बाई, आम्हाला वाचता येत नाही.’

आम्ही गाडीनं गेलो. जेवणाच्या खोलीत येशूचं चित्र होतं, आणि त्याच चौकटीत चित्रामागे घडी न घालता ठेवलेला जाड कागद. कडेला कबुतरं आणि द्राक्षवेल छापलेली, वर टोकदार छापील अक्षरांत बायबलचं वचन, ‘मरेपर्यंत तू विश्वासू राहा’. खाली रिकाम्या जागी शाईनं भरलेलं मुलीचं नाव, जन्मतारीख, गाव, पाळकाची सही. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये मुलांचा दृढीकरणाचा विधी होतो, त्याचं ते प्रमाणपत्र. निघताना आईनं ते ट्रंकेत घातलं असणार. ज्या मुलीला ते मिळालं तिच्या घरी ते राहिलं. मुलगे शेत घेतात, आणि बायबल, प्रमाणपत्रं, केसांची बट असं सगळं मुलींबरोबर जातं. तेव्हा तुमच्या खापरपणजोबांच्या मुलींचा माग काढा. त्यांची लग्नं कुठे झाली, नाती-पणती कुठे आहेत, हे आत्तेसासूबाई सांगू शकतील.

तो कागद हातात आल्यावरही मी दोन महिने चुकीचं गाव शोधत होते, हे तुम्ही टाळावं म्हणून सांगते. जुन्या जर्मन हस्ताक्षराला कुरेंट म्हणतात. त्यात ‘ई’ आपल्याला ‘एन’सारखी दिसते आणि ‘यू’ व ‘एन’ जवळपास सारखे. फरक एवढाच की ‘यू’वर एक छोटी कमान काढतात. ती कमान फिकट झाली होती आणि मी ‘एन’ वाचला. मोडी वाचताना ‘हे अक्षर असंच असणार’ म्हणून पुढे गेलं की फसतो, तसंच. त्याच माणसानं लिहिलेली माहीत असलेली नावं, म्हणजे मुलीचं नाव आणि महिना, आधी वाचा, त्यातून त्याचं वळण ओळखा, मग गावाकडे जा. नंतर माइयरचा १९१२-१३चा भूगोलकोश उघडा, तो ऑनलाइन मोफत आहे. साम्राज्यातली लहानसहान गावं त्यात आहेत, आणि गावाचं नोंदणी कार्यालय कुठे होतं, गावात चर्च होतं का, तेही मिळतं. एकाच नावाची पाच-सहा गावं निघतात, तेव्हा प्रांत माहीत असणं उपयोगी पडतं.

आमचं गाव निघालं पोमर्नमध्ये, रेगेनवाल्डे तालुक्यात. आज तो भाग पोलंडमध्ये आहे आणि रेगेनवाल्डेचं नाव रेस्को. विस्कॉन्सिनमधल्या खूप घरांची हीच गोष्ट आहे. १८३९ सालीच पोमर्नमधले जुने लूथरन, प्रशियाच्या राजानं लादलेली एकत्रित चर्चव्यवस्था नको म्हणून, मिलवॉकीजवळ फ्राइस्टाट इथे येऊन वसले होते. मागून त्यांचे भाऊबंद, शेजारी येत राहिले. कोणी एकटं येत नव्हतं. म्हणून आपल्या माणसाचं गाव सापडेना तर लग्नाचे साक्षीदार, मुलांच्या बाप्तिस्म्याचे धर्मपालक, शेजारच्या शेतातले लोक कुठले ते बघा. इथल्या जुन्या लूथरन चर्चच्या वह्या जर्मनमध्येच लिहिल्या जात, आणि दफनाच्या नोंदीत कितीदा जन्मगाव स्पष्ट असतं. त्या घराण्याच्या चर्चला एक नम्र फोन करा. नागरिकत्वाच्या कागदांवर मात्र १९०६च्या आधीचे असतील तर फार भिस्त ठेवू नका. त्यांत बहुधा ‘जर्मनीच्या सम्राटाशी निष्ठा सोडतो’ एवढंच असतं.

गाव मिळाल्यावर काय, ते थोडक्यात. प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांसाठी आर्किऑन ही साइट, पैसे भरून. कॅथलिकांसाठी मॅट्रिक्युला, मोफत. फॅमिलीसर्चही मोफत. नोंदणी कार्यालयाकडे जन्माला ११०, लग्नाला ८० आणि मृत्यूला ३० वर्षं उलटल्यावर नोंदी सर्वांना खुल्या होतात. पोमर्न निघालं तर काही वह्या युद्धात गेल्या, काही पोलंडमधल्या श्चेचिनच्या अभिलेखागारात, काही जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला आहेत. आणि त्या गावात आज तुमचे नातेवाईक नसणार. १९४५ नंतर तिथल्या जर्मनांना गाव सोडावं लागलं, ते पश्चिमेकडे पांगले. त्यांना शोधायचं तर ‘पोमर्शर ग्राइफ’ या वंशेतिहासाच्या संस्थेतून वाट निघते.

जर्मनीतला कोणी भाऊबंद सापडलाच, तर पहिल्या पत्रात स्वतःची ओळख, एक छोटी वंशावळ आणि एक फोटो एवढंच पाठवा, साध्या जर्मनमध्ये. मागणी दुसऱ्या पत्रात. त्यांच्याकडे ‘आनेनपास’ असू शकतो, म्हणजे नाझी काळात आर्य वंश सिद्ध करायला चर्चच्या नोंदींवरून भरून घेतलेली पूर्वजांची पुस्तिका. तिच्यामागचा हेतू क्रूर होता, आणि आज ती पुस्तिका घरात असल्याचं सांगायला माणसं संकोचतात. त्यांनी होऊन काढली तर आभार माना, नाही काढली तर रेटू नका.

डीएनए चाचणी करायचीच असेल तर नवऱ्याची नको, आत्तेसासूबाईंची करा, अर्थात त्यांना नीट समजावून आणि त्या हो म्हणाल्या तरच. त्या एक पिढी वर आहेत. मागे राहिलेल्या भावाचे जर्मनीतले वंशज त्यांच्या पिढीत तिसऱ्या फळीचे चुलत भाऊबंद होतील, आणि अशा जोड्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांचाच डीएनए जुळलेला दिसतो. नवऱ्याच्या पिढीत ती शक्यता आणखी घटते. त्यातून जर्मनीत चाचणी करणारे लोक इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. ‘इतके टक्के जर्मन’ हा आकडा गाव शोधायला कामाचा नाही.

शोधात नको असलेलं काही निघेलच. लग्नाआधीचं मूल, टाकून दिलेली बायको, सैन्यभरती चुकवून पळालेला मुलगा. माझा नियम असा की जिवंत माणसाशी जोडलेली गोष्ट आधी त्या माणसाला एकांतात सांगायची, आणि ते माणूस हो म्हणेपर्यंत कुठल्याही साइटवर चढवायची नाही. आमच्या घरी एक गोष्ट नऊ वर्षं माझ्या वहीतच राहिली, ज्या आजीची ती होती ती गेल्यावरही तिच्या मुलांना विचारून मगच वंशावळीत घातली.

येत्या रविवारी वेळ असेल तर सासूबाईंना घेऊन निघा. सहा फोटो, एक मऊ पेन्सिल आणि कोरी वही पुरे. पार्सलांबद्दल विचारा, आणि खापरपणजोबांना मुली किती होत्या ते विचारा. मूळ कागद दिसला तर तो मागून आणू नका, तिथेच खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. कुरेंटमधलं काही मिळालं तर त्या फोटोसकट इथेच लिहा, वाचायला मी मदत करेन.